राखीव पट्टा

"काका, तिथी रेडिओचं स्टेशनच नाई म्हणते." दिव्यानीनं कागदावरून बोट फिरवत सांगितलं. "ना मशीन, ना एरियल. चौकशीवाले स्वतः जाऊन आले."

लटारू रामटेके तिच्याकडे बघतच राहिला. चंद्रपूरच्या या परवान्याच्या कचेरीत तो इतक्या वेळा आला होता की पोरगी त्याला न विचारता पाण्याचा गिलास पुढे करायची. आज तिनं पाणी आधी दिलं तेव्हाच त्याला समजायला हवं होतं.

"असं कसं होईन बाई? मी सोताच्या हातानं बांधून देल्ली तार. मोहाच्या झाडाले."

"मी काय करू काका? दोन टोकं पायजे तुमच्या प्रयोगाले. एक टोक नाई म्हटल्यावर दिल्लीनं अर्ज फेटाळला."

त्यानं भांडायला तोंड उघडलं, पण भांडणार कोणाशी? पोरीचा काय दोष? लटारू पायऱ्या उतरला आणि स्टँडवर येऊन बसला. थकवा नुसता पायांत नव्हता, पार आत उतरला होता. आणि थकव्याखाली राग होता, तो सोमाजीवर. कंटाळला असशील तर तसं सांगायचं होतं लेका! मी कचेऱ्यांचे उंबरे झिजवतोय आणि तू तिकडे तार गुंडाळून ठेवलीस?

सोमाजी मडावी आणि तो, दोघं वनखात्याच्या वायरलेसवर उभी हयात घालवून निवृत्त झालेले. लटारू भद्रावतीला स्थायिक झाला, सोमाजी एटापल्लीच्या पुढे आपल्या गावी गेला. तिथं आजही मोबाइल लागत नाही. दोघांनी घरून बोलायला हौशी रेडिओचं लायसन काढलं होतं, आणि रोज संध्याकाळी मशीनवर गप्पा व्हायच्या. धान कसं आहे, गुडघा कसा आहे, असल्याच. पुढे साखरेच्या आजारानं सोमाजीची नजर गेली, आणि त्या गप्पांखेरीज त्याला दुसरं काही उरलं नाही. नेमकं तेव्हाच भद्रावतीत घराघरात, रस्त्यारस्त्यावर नवे एलईडी दिवे आले आणि रेडिओत शिरणाऱ्या त्यांच्या खरखरीत खालच्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावरचा सोमाजीचा आवाज बुडून गेला. वरच्या पट्ट्यावर बोलावं, तर लहरी मधल्या जंगलावरून उडून थेट रशियात उतरायच्या. रशियातला माणूस लटारूला नमस्कार करायचा आणि एटापल्लीचा सोमाजी मुका! मधला एक पट्टा दोघांना नेमका जमला असता. पण तो राखीव. ऐकायला मोकळा, बोलायला बंदी. प्रयोगासाठी खास परवानगी मिळते म्हणून लटारूनं अर्ज केला होता, आणि वर्षानुवर्षं त्या अर्जामागे फिरत होता.

घरी न जाता त्यानं आलापल्लीची गाडी धरली. तोंडावरच विचारायचं, असं ठरवूनच तो गाडीत चढला. रात्र आलापल्लीत एका जुन्या फॉरेस्ट गार्डाकडे काढून सकाळी तो सोमाजीच्या अंगणात पोचला.

"कोण? लटारू?" चपलांच्या आवाजावरून सोमाजीनं ओळखलं आणि खाटेवरून धडपडत उठला. "आली का रे परमिशन?"

लटारूचा राग जागच्या जागी विरला. हा माणूस कंटाळलेला नव्हता. हा वाटच बघत होता.

"पाणी तर पिऊ दे बावा."

"पी, पी. पन मले सांगतो, आली तरी काई फायदा नाई. माये कान बी गेले आता. मशीन लावतो, काईच आयकू येत नाई. डोये गेले, आता कान." सोमाजी हसला, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

लटारूनं मोहाकडे पाहिलं. फांदी रिकामी. तार अंगणात होती, दोन खांबांच्या मध्ये ताणलेली, आणि तिच्यावर सोमाजीच्या बायकोचं, सुकरीबाईचं लुगडं वाळत होतं. सुकरी पाण्याचा लोटा घेऊन दारात उभी होती, मान खाली घालून.

विहिरीकडे जाताना तिनं आपणहून सांगितलं.

"मीनंच काढली, भाऊ. हे दवाखान्यात गेल्ते पुतन्यासंगं. गाडी आली, संगं पोलिसायची वर्दी दिसली, अन् हात आपोआपच गेले. तार काढली, मशीन धानाच्या ढोल्यात लपवली. इथी काई नाई म्हटलं."

"अवो बाई, ते आपल्याच कामाले आल्ते!"

"ते मले कसं समजन? माया भाऊ अशाच एका तारेच्या भेंडोयापाई गाव सोडून गेला. तार कायले म्हणून पोलीस बी विचारत, जंगलातले नक्षल बी विचारत. गेला तो आलाच नाई." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मशीन ठेवली जाग्यावर. तार चढवाची हिंमत नाई झाली. अन् ह्यायले वाटते कान गेले. रोज आयकतो मी, पन तोंडातून शब्द निंगत नाई."

लटारूनं विहिरीत बादली सोडली. मग म्हणाला, "पुन्हा अर्ज टाकला तं पुन्हा चौकशी येईन. मंग?"

सुकरीनं त्याच्याकडे सरळ बघितलं. "पुन्हा काढीन, भाऊ. तुमच्यासंगं खोटं काऊन बोलू?"

तिच्यावर चिडावं तरी कसं? वाईट इतकंच वाटलं, की सगळं आता इथंच संपलं होतं.

दोघांनी मिळून तार पुन्हा मोहावर चढवली. दोर लटारूनं फेकला, तार सुकरीनं ओढली. आत जाऊन त्यानं मशीन लावून दिली आणि हेडफोन सोमाजीच्या कानांवर ठेवला. म्हाताऱ्याचा चेहरा एकदम उजळला.

"अरे! आयकू येऊन राह्यलं! कान हायेत माये!"

"वायर ढिली होती," लटारू म्हणाला. दारातल्या सुकरीनं डोळे मिटून घेतले.

सोमाजी बटण फिरवत राखीव पट्ट्यावर गेला. तिथं कोणीच नव्हतं, नुसती मोकळी सळसळ. ती ऐकत ऐकत तो म्हणाला, "नाई म्हटलं ना त्यायनं?"

"तुले कोणी सांगतलं?"

"आयुष्यभर तुया आवाज आयकला लेका. काऊन नाई म्हटलं?"

"दिल्लीवाल्यायची मर्जी."

सोमाजीनं मान हलवली. "जाऊ दे. बोलाची बंदी हाय, आयकाची तं नाई? तू तिकून आयक, मी इकून आयकतो. रोजच्याच टायमाले."

भद्रावतीला परत आल्यावर संध्याकाळी लटारू मशीनपुढे बसला. सुनेनं चहा आणून ठेवला. त्यानं तो पट्टा लावला आणि हेडफोन चढवला. खरखरीच्या मागे तीच मोकळी सळसळ होती. तिकडे सोमाजीच्या कानातही आता हीच असणार. सवयीनं त्याचा अंगठा माइकच्या बटणावर गेला.

त्यानं माइक उचलून टेबलाच्या पार कडेला ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन ऐकत बसला. चहावर साय धरली.