जेवायला आलेली गुरम्मा

“निघालीस का न्हाई अजून? पीठ चाळून ठेवलंय, चुली पेटल्यात!”

फोन गुरम्माच्या कानाला होता, तरी चंद्रिकाअक्काचा आवाज पलंगावरच्या तिच्या नवऱ्याला, नागप्पालाही ऐकू आला. सख्ख्या बहिणीचा आवाज तो कुठूनही ओळखायचा.

“येतेय की अक्का,” म्हणत गुरम्माने इरकलच्या निऱ्या सावकाश सारख्या केल्या. भाकऱ्या थापायला निघालेली बाई असली साडी नेसत नाही, हे नागप्पालाही कळलं.

“काय इचार हाय तुजा?”

“जेवायचा.”

अक्काच्या लेकीचं, शिवलीलाचं आज डोहाळजेवण होतं. नणंदेकडे कुठलंही कार्य निघालं, की गुरम्मा टॉवेलच्या कारखान्यात खाडा करून पहाटेच तिच्या चुलीपुढे हजर. शिवलीला तर लहानपणी निम्मी गुरम्माच्याच मांडीवर वाढलेली. स्वतःचं मूल नव्हतं, जीव लावायला दुसरी जागा नव्हती. त्याच पोरीच्या हळदीला गुरम्माने हात पुढे केला, तेव्हा अक्काने चारचौघींत तिचं मनगट धरलं होतं. “तू आत बघ गं, भाकरी करपायलीय.” वांझेचा हात नको, हे तोंडाने बोलायचीसुद्धा गरज पडली नाही. गुरम्मा मुकाट आत गेली. एकही भाकरी करपलेली नव्हती.

तेव्हापासूनचा राग तिने विरजणासारखा जपला होता. आज तो घट्ट लागला होता.

ती पोचली तेव्हा पंगत बसायला लागली होती. स्वयंपाकघराचं दार नीट दिसेल असा पाट निवडून ती ऐसपैस बसली.

अक्का पिठाच्या हातांनी धावत आली. “हितं काय बसलीस? ऊठ की, समदे खोळंबल्यात!”

“आवतन दिलंत की अक्का. जेवायला आलेय.”

“अगं, तू घरचीच की!”

“घरचीला हळदीवरनं उठवून आत धाडत न्हाईत. हात हळदीला चालत न्हाई, तर पिठालाबी चालायचा न्हाई. हितनं पुढं असंच.”

अक्का आत गेली. दारातून धूर आला, पाठोपाठ तव्यावर भाकरी दुमडल्याची हळहळ. गुरम्माच्या कानाला ती लई गोड लागली. तिने आवाज दिला, “अक्का, गरम असंल तर इकडं वाढा!”

मग हिरव्या साडीतली शिवलीला जडपणे चालत आली. पाय सुजले होते तिचे. गुरम्माला ते आधी दिसलं, आणि क्षणभर उठावंसं वाटलं.

“मामी, माझ्या कार्यात तरी असं नको की करू.”

“हळदीला तू पाटावर बसली होतीस, शिवा. समदं बघितलंस. काय बोललीस?”

शिवलीलाने हातातला चुडा फिरवला. “आई मनानं वाईट न्हाई गं,” एवढंच म्हणाली आणि परत गेली.

अक्काच्या शिव्याशापांची तयारी गुरम्मा करून आली होती. या वाक्याची नव्हती.

भाकरी आली. अक्काने ती ताटात टाकली, जाड, काठाला फाटलेली. गुरम्माने मोडून बघितली, मध्ये कच्ची होती. पंगत भरली, तरी तिच्या दोन्ही बाजूंचे पाट मोकळेच राहिले होते. तिने पाठ ताठ केली, शेंगाचटणी लावून एकेक घास चावत ती भाकरी संपवली, आणि आणखी एक मागितली.