जब्दीच्या बायकोची बाजू

"पाळकसाहेब, त्या बाईच्या मांगं काऊन लागले तुमी?"

उपदेश ऐन रंगात आला होता. सिंदी मेघेच्या त्या लहानशा ख्रिस्ती देवळात असं मध्येच उठून बोलायची रीत नव्हती. पुरुषांच्या बाजूच्या माना गर्रकन वळल्या, बायकांच्या बाजूचे पदर तोंडाला गेले. पेटीशेजारी तबला घेऊन बसलेल्या नाथाननं आईचा आवाज ओळखला आणि मान खाली घालून तो तबल्याच्या वाद्या उगाच ओढत बसला.

पाळक प्रेमदास यांनी चष्मा काढला. "सुलोचनाबाई, उपासना संपल्यावर बोलू."

"बोलू नं. पन तवर तिले लोभी म्हनू नोका. आई हाय ते."

एवढं बोलून सुलोचना खाली बसली. तिचे कान तापले होते.

त्या रविवारचा पाठ जब्दीच्या बायकोचा होता. याकोब आणि योहान हे तिचे दोन मुलगे, मासे धरायची जाळी टाकून देऊन येशूच्या मागं गेलेले. एक दिवस ही आई पोरांना घेऊन येशूपुढं आली, पाया पडली आणि म्हणाली, तुझं राज्य येईल तेव्हा माझा एक मुलगा तुझ्या उजव्या हाताला बसव, दुसरा डाव्या हाताला. बाकीचे शिष्य चिडले. पाळकसाहेब सांगत होते, खुर्चीचा मोह माणसाला आतून पोखरतो. आणि अख्खी मंडळी डोळ्यांच्या कोपऱ्यातून सुलोचनेकडं बघत होती, कारण गुरुवारी सुलोचना नेमकं तेच करून आली होती.

सावंगीच्या रस्त्यावरच्या एका खाजगी रुग्णालयात ती आया होती. नवरा गेला तेव्हा नाथान कडेवर होता. तेव्हा लागली ती लागलीच. चादरी बदलणं, अंग पुसणं, शौचाची भांडी देणं, आणि कधी कुणाचे डोळे मिटणं. रुग्णालयातल्या सगळ्या आयांना मावशी म्हणतात आणि वॉर्डातल्या सेवकांना मामा. नाथानही आता तिथंच मामा झाला होता, ट्रॉली ढकलायचा. या सगळ्या मावश्या-मामांवर देखरेख करणारे सुपरवायझर बापूराव निवृत्त झाले आणि त्यांची जागा रिकामी झाली. सुलोचनेला रात्रंदिवस दुसरं काही सुचेना झालं. गुरुवारी दुपारी ती थेट प्रशासकीय अधिकारी महादेवराव यांच्या केबिनमध्ये जाऊन उभी राहिली.

"साहेब, बापूरावची जागा माह्या पोराले द्या."

महादेवराव जुना माणूस. हसले. "नाथाननं तर अर्जच केला नाही, मावशी."

"तो कायचा करते! लाजाळू हाय. म्हनून तं मी आली. दारू नाई, खर्रा नाई, कोनाशी भांडन नाई."

"त्या जागेवर काम काय असतं, ठाऊक आहे का?"

"नाई कसं?" सुलोचना सुरू झाली. "कोन कोनासंग नांदते ते पाहून ड्यूट्या लावाच्या. पोळ्याले कोनाले सुट्टी, नाताळाले कोनाले, ते आधीच बोलून ठेवाचं. नवीन पोरगी आली तं पहिल्याच दिवशी तिले मेलेल्या मानसापाशी धाडाचं नाई. रडली तं चहा पाजाचा. पळाली तं घरी जाऊन समजावून आनाचं. आन् एखादी नर्सबाई उगाच कोनावर खेकसली, तं मधात पडाचं."

महादेवरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मावशी, हे नाथान करेल, का तुम्ही आत्ताच करता?"

"आता तं मलेच करा लागते."

"मग स्वतःसाठी का नाही मागत?"

जन्मात कुणी तिला हे विचारलं नव्हतं. "मी बाईमानूस..." असं काहीतरी पुटपुटत ती बाहेर आली. तिच्या आधी बातमी बाहेर पोचली होती: सुलोचना मावशी पोरासाठी वशिला लावायला गेली.

उपासना संपली. पाळकसाहेब स्वतःच तिच्याकडं आले. "सलाम, सुलोचनाबाई. पाळकाला शपथ घेता येत नाही, नाहीतर घेतली असती. हा पाठ वर्षाच्या ठरलेल्या क्रमानं आला. तुमच्यासाठी काढला नव्हता."

"मांगनं पाप हाय का, पाळकसाहेब?"

"नाही. येशूनं तिला हाकललं कुठं? त्यानं एवढंच विचारलं, की माझ्या वाट्याचं दुःख तुमच्या पोरांना सोसेल का? आणि सांगितलं, ज्याला मोठं व्हायचं त्यानं सेवक व्हावं."

"सेवक तं मी हावोच. पगाराच्या कागदावर बी सेवकच लिवते. इतके वर्स झाले सेवक होऊन. मंग मोठं कवा व्हाचं?"

पाळकसाहेबांना हसू आलं. ते म्हणाले, "ती बाई शुभवर्तमानात आणखी एकदा येते. शेवटापर्यंत वाचा. मीही आज तिथपर्यंत जायला हवं होतं."

घरी सुलोचनेनं जेवणसुद्धा घाईनं उरकलं. बायबलातल्या ओळीवर बोट ठेवत, ओठ हलवत ती वाचत गेली. कितीतरी पानं उलटल्यावर ती बाई सापडली. येशूला क्रुसावर टांगलं होतं. उजव्या-डाव्या हाताचे शिष्य जिवाच्या भीतीनं पळाले होते. लांब उभ्या राहून बघणाऱ्या बायकांत जब्दीच्या मुलांची आई उभी होती.

"नाथान, इकडं ये बापा." "तिनं उजवा हात मांगला, डावा मांगला. आन् उजव्या-डाव्याले टांगले कोन, तं दोन चोर. काईच नाई भेटलं तिले. तरी घरी नाई गेली ते. उभी राह्यली."

नाथान तिच्याजवळ खाली बसला. "माय, एक सांगू? मले ते जागा नाई पायजे. इतक्या लोकायचे भांडनं सोडवनं माह्यानं होत नाई. मी ट्रॉली नेतो, पेशंटसंग दोन गोष्टी करतो, बरा हाओ मी. ते जागा तुले पायजे."

"मले?"

"तुलेच. माह्या नावानं मांगून राह्यली तू."

सुलोचनेला आधी राग आला. मग रडू आलं. सोमवारी सकाळी तिनं अर्ज दिला.

अर्ज आणखी एकाचा होता, कैलासचा. सिंदी मेघेच्या बाजारात भाजी विकणाऱ्या गोपिकाबाईचा हा मुलगा, बारावी झालेला, चटपटीत, हल्लीच वॉर्डात मामा म्हणून लागलेला. सुलोचनेला तो जरा आगाऊच वाटायचा. दोघांची मुलाखत बुधवारी दुपारी होती.

बुधवारी पुरुषांच्या वॉर्डात तानबा नावाचा म्हातारा शेवटच्या घटका मोजत होता. डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं, आज काही खरं नाही. लेक भागीरथा यवतमाळकडून एसटीनं निघाली होती, अजून पोचली नव्हती. सकाळपासून सुलोचना त्याच्यापाशी बसून होती. तो सारखा पुटपुटायचा, "पानी... पानी देल्लं का?" आणि ती चमच्यानं त्याचे ओठ ओले करायची. त्याचं समाधान काही होत नव्हतं. तिचं मनगट मात्र त्यानं घट्ट धरून ठेवलं होतं.

मुलाखतीचं बोलावणं आलं. सुलोचनेच्या मनात आलं, देवानं परीक्षा घेतली. खुर्ची सोड आणि इथंच बस. ती जवळजवळ बसलीच होती. पण मग तिला देवाचाच राग आला. दर वेळी माह्याच हातचं काढून घ्याचं का? त्याले काय दुसरं काम नाई?

दारातून कैलास जात होता, केस विंचरून, इस्त्रीचा शर्ट घालून.

"कैलास, इथं बस."

"मावशी, आपन दोघं एकाच जागेसाठी हाओत."

"म्हनूनच तुले सांगून राह्यली. तुह्या नंबराले मी बसीन. मले ते जागा पायजे, आन् या बुढ्याले एकटं सोडाचं नाई. दोनी पायजे."

कैलासनं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा म्हाताऱ्याकडं. मग स्टूल ओढून बसला आणि तानबाचा हात त्यानं स्वतःच्या हातात घेतला.

केबिनमध्ये महादेवराव होते, मेट्रन होत्या, एक डॉक्टरीणबाई होत्या. "उशीर झाला, मावशी," मेट्रन म्हणाल्या.

"तानबाजीपाशी मानूस बसवून आली. कैलासले."

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "ही जागा तुम्हाला का हवी?"

बाहेर सगळ्यांनी पढवलं होतं, सेवा करायची आहे असं म्हण. सुलोचनेच्या तोंडून भलतंच निघालं. "मले ते काम येते. आन् मले पायजे. आजवर जे मांगलं ते पोरासाठी, देवापाशी बी. आज माह्यासाठी मांगून राह्यली."

"आणि कैलासला मिळाली तर?"

"तं त्याच्या हाताखाली काम करीन. पन पोट्टा कच्चा हाय अजून. पेशंटसंग बोलनं नाई येत त्याले."

ती वॉर्डाच्या दारात परत आली आणि तिथंच थबकली. कैलास म्हाताऱ्याच्या कानाशी वाकून बोलत होता.

"देल्लं पानी, बाबा. दोनी वाफ्यायले देल्लं. वांगे मस्त धरले हाय. मोटर बंद करून आलो मी, काई काळजी करू नोको."

तानबाच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून उतरत होत्या. सकाळपासून तो प्यायला पाणी मागतच नव्हता. तो शेतातल्या पाण्याचं विचारत होता, आणि ते भाजीवालीच्या पोराला दोन शब्दांत कळलं होतं.

आत्ताच सुलोचना साहेबांपुढं काय बोलून आली होती! गप्प राहिली असती तर कुणाला कळणार होतं? कैलास उठला, तिला जागा दिली आणि घाईनं निघाला. ती त्याच्या पाठीकडं पाहत राहिली. मग हाक मारली.

"कैलास! आत गेल्यावर साहेबाले सांगजो, मावशीनं तुह्याबद्दल सांगतलं ते चूक हाय. पेशंटसंग बोलनं कैलासले येते, माह्याहून चांगलं येते."

"काय सांगतलं तुमी माह्याबद्दल?"

"तू एवढं सांगजो फक्त. जसंच्या तसं."

तो चक्रावून गेला. सुलोचना तानबापाशी बसली. आता आपली जागा गेली, हे तिला स्पष्ट दिसत होतं, आणि तरी तिला हलकं वाटत होतं. ऊन कलायच्या आत भागीरथा धापा टाकत पोचली. तानबानं लेकीला ओळखलं, वाफ्याला पाणी दिल्याचं तिला सांगितलं, आणि तिच्या मांडीवर गेला. सुलोचनेनं आणि भागीरथेनं मिळून त्याला शेवटची आंघोळ घातली.

शनिवारी महादेवरावांनी दोघांना बोलावलं. सगळ्या मावश्या आणि मामा व्हरांड्यात जमले होते.

"मावशी, तुमचा निरोप कैलासनं जसाच्या तसा सांगितला," महादेवराव म्हणाले. "त्या दिवशी आम्हाला आणखी काही विचारायचं राहिलंच नाही. सोमवारपासून बापूरावांची जागा तुमची."

सुलोचनेला ऐकू आलं, पण कळायला वेळ लागला. ती व्हरांड्यात आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरूनच सगळ्यांनी ओळखलं आणि एकच कल्ला उठला. सरिता मावशीनं तिला उचललंच. मामालोकांनी टाळ्या पिटल्या. एका नर्सबाईनं शांत राहा म्हणून दटावलं आणि तीही हसू लागली. नाथाननं रिकाम्या ट्रॉलीवर असा काही ताल धरला की वॉर्डातले पेशंट उठून दारात आले. "प्रभूची स्तुती असो," सुलोचना म्हणाली, आणि मग हात वर करून मोठ्यानं, कुणालाही न लाजता हसली. आपली आई अशी हसू शकते हे नाथानला त्या दिवशी कळलं.

गर्दी पांगल्यावर कैलास पुढं आला. "वाईट तं वाटलं, मावशी. खोटं काऊन बोलू? पन तुमीच बराबर हाय."

"सोमवारी लवकर येजो," ती म्हणाली. "नवीन पोरायले पेशंटसंग बोलनं तूच शिकवशील."

संध्याकाळी ती सिंदी मेघेच्या बाजारातून निघाली. रस्त्यात चारजणांनी सलाम केला, एका ऑटोवाल्यानं "मॅडम" म्हणून हाक मारली. गोपिकाबाईच्या दुकानापाशी मात्र तिची पावलं जड झाली. गोपिकाबाई पोत्यावर बसून मेथीवर पाणी शिंपडत होती. तिनं वर पाहिलं, आणि पुन्हा मेथीवर पाणी शिंपडायला लागली.

सुलोचना पुढं गेली नाही. पोत्याच्या कडेला टेकून बसली.

"खुर्ची भेटली नं?" गोपिकाबाई मेथीकडं पाहतच म्हणाली. "मंग इथं पोत्यावर काऊन बसता?"

"पाय दुखून राह्यले."

गोपिकाबाईनं मेथीच्या जुड्या उगाच वरखाली केल्या. मग म्हणाली, "रोज म्हने पोट्टा, आई, मी साहेब होतो. मी बी लोकायले सांगत सुटली."

"होईन तो. मी काई जलमभर बसाची नाई तिथं."

"त्याले लय रागावजो नोको. जेवत नाई मंग."

"रागवीन. मंग जेवाले बी घालीन."

गोपिकाबाईला नको असताना हसू फुटलं. तिनं पदरानं डोळे टिपले आणि जरा सरकून पोत्यावर जागा केली. तेवढ्यात एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं आणि पुढं बसलेल्या सुलोचनेलाच विचारू लागलं, मेथी कशी दिली म्हणून. सुलोचनेनं गोपिकाबाईकडं पाहिलं. गोपिकाबाईनं भाव सांगितला. सुलोचनेनं एक चांगली भरगच्च जुडी निवडली, पाणी झटकलं आणि दोन्ही हातांनी गिऱ्हाइकाच्या पिशवीत ठेवली.