तिसऱ्या हाकेला

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फोन लावला आणि पहिल्याच घंटीला उचलला गेला, तर खुशाल समजावं की आज टेलिफोनवाली ललिता भोये रजेवर आहे. ललिता तीन घंट्या पुऱ्या होऊ द्यायची. मगच बोर्डाच्या भोकात जोडणीची खुंटी खोचून म्हणायची, "हॅलो, एकलहरे." मुंबईच्या साहेबांनी यावर तीन पानी तक्रार लिहिली होती. केंद्राच्या उंच धुराड्यावर बसणारे कावळेसुद्धा म्हणे दोन घंट्यांना नुसती मान वळवायचे आणि तिसरीला उडायचे. कावळ्यांचं खरं-खोटं देव जाणे, पण तक्रारीचा कागद खरा होता.

शेजारच्या खुर्चीवरचा राजू कपाळाला हात लावायचा. "ताई, उचला की! पलीकडचा माणूस म्हातारा होईल."

"होऊ दे. खरं काम असलं तर तिसरी वाजवीलच की."

लग्नाचंही तसंच झालं. दोन स्थळं आली, एकेकदा विचारून गेली. तिसऱ्यांदा विचारायला कुणी फिरकलं नाही आणि ललितानं तिशी गाठली.

याचं मूळ पेठच्या पुढच्या डोंगरात, तिच्या पाड्यावर. तिथं पोराला चालता येण्याआधी एक गोष्ट शिकवतात. घराबाहेर कुणी नाव घेऊन हाक मारली आणि हाक मारणाऱ्याचं तोंड दिसत नसलं किंवा परकं असलं, तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. पहिल्या दोन हाका माणसाला भुलवून नेणाऱ्या रानातल्या बाईच्या असू शकतात. तिला तीनपर्यंत मोजता येत नाही. शाळेत गेलेली नाही ना ती. दोनच्या पुढं गाडी सरकत नाही, म्हणून माणूस वाचतो.

भोये घराणं दोन पिढ्यांपासून येशूला मानणारं. रविवारची प्रार्थना चुकायची नाही, नाताळला दारात तारा लागायचा. पण तिसऱ्या हाकेचा कायदा काही सुटला नव्हता. पाळकसाहेबांनी एकदा समजावून पाहिलं. त्यांना पाड्यावरच्या म्हाताऱ्यांनी तीनदा बोलवायला लावलं आणि मग ऐकून घेतलं.

ललिता पाच वर्षांची असताना तिचा बाप, नाथा, भर दुपारी नागलीच्या शेतात होता. ओहोळाकडून हाक आली, "नाथा!" त्यानं जागेवरूनच ओ दिली आणि हातातला विळा तसाच घेऊन उतरला. सांजेला तो ओहोळातल्या दगडांवर सापडला. घोट्याला दोन टिपके होते. हाक कुणी मारली ते पाड्यावर कुणालाच सांगता आलं नाही. कुणी म्हणालं वारा, कुणी म्हणालं भास. तिची आई लंकाबाई एवढंच म्हणाली, "एकदाच आली हाक. मी ऐकली." त्यानंतर त्या घरात हाक या गोष्टीवर कुणी थट्टा केली नाही.

पुढच्या जूनमध्ये मामानं ललिताला नाशिकच्या मिशन शाळेत, मुलींच्या वसतिगृहात आणून सोडलं. तिथं एक चमत्कार घडला. पहिल्या बाकावर, फळ्यापासून चार हातांवर बसून ललिता अख्खा महिना गैरहजर राहिली. वहीत तोंड खुपसून, न बघता नाव पुकारणाऱ्या माणसाचा भरवसा काय? बाई एकदा पुकारायच्या, फार तर दोनदा, आणि लाल फुली मारायच्या. ललिता मनात मोजत बसायची. तिसरी काही यायची नाही.

ते उमगलं वसतिगृहाच्या सावित्रीबाईंना. गैरहजर पोर रोज ताटावर हजर कशी, म्हणून त्यांनी एका सकाळी हजेरीची वही मिटली, पोरीसमोर उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "ललिता." थोडं थांबून, "ललिता." आणखी थांबून, "ललिता."

"ओ!" पोर इतक्या जोरात ओरडली की बाई मागे कलंडल्या.

तेव्हापासून डोंगरातल्या प्रत्येक पोरीला सावित्रीबाईंनी तीनदा हाक मारली, आणि वर्गातली हजेरीही त्यांच्याच वहीवरून लागायला लागली. चोवीस वर्षं. सकाळची पेज गार व्हायची, पण हाक कमी व्हायची नाही.

नव्व्याण्णवच्या जानेवारीत त्या दवाखान्यात पडल्या. ललिता पायाशी बसली होती. बाईंनी डोळे उघडले आणि हळूच म्हणाल्या, "ललिता. तू ये आता शाळेत, माझ्या जागी."

एकच हाक. समोर तोंड दिसत होतं, आवाज ओळखीचा होता, ओ द्यायला काहीच हरकत नव्हती. पण पक्की नोकरी, नळाचं पाणी असलेलं क्वार्टर आणि आईचे दुखणारे गुडघे एकदम ललिताला आठवले. तिनं बाईंचं पांघरूण सारखं केलं. दोन दिवसांनी बाई गेल्या. ओ ऐकल्याशिवायच गेल्या.

तेव्हापासून ललिताला चैन नव्हतं. कानाला हेडफोन असायचा, दिवसाला चारशे आवाज त्यातून जायचे, आणि त्यांच्या मागे कुठंतरी तो एक आवाज थांबलेला असायचा. प्रार्थनेत ती काही मागायची नाही, नुसती कान देऊन बसायची.

जूनच्या शेवटी शाळेचं पत्र आलं. मुख्याध्यापिका चंद्रभागाबाई साळवे दोन वर्षांपूर्वी नगरकडून बदलून आलेल्या. त्यांनी लिहिलं होतं, "सावित्रीबाई आपले नाव सांगून गेल्या. या सेवेसाठी आपणांस पाचारण झाले आहे असे वाटत असल्यास समितीसमोर यावे."

लंकाबाई जात्याजवळ पाय लांब करून बसली होती. "काय झालंय म्हणं तुला?"

"पाचारण, आये. म्हणजे देवाचं बोलावणं."

"देवाचं हाय तर मग सही साळवेबाईची कशी?" म्हातारीनं तांदळातला खडा भिरकावला. "हे पक्कं घर सोडायचं, नोकरी सोडायची आन् लोकांच्या पोरींच्या उवा काढायच्या. किती हाका झाल्या?"

"दोन. एक बाईंची, एक ही."

"दोन हाका कोनीबी मारतं." आणि मग हलक्या आवाजात, "तुझ्या बापाला तर एकच आली होती."

ललितानं पत्र घडी करून ठेवलं. पण मनातून तिला जायचं होतं, आणि हेच आईपासून लपवणं तिला सगळ्यात जड जात होतं. आठवडाभर ती तिसरी हाक हुडकत हिंडली. पंचवटीच्या भाजीबाजारात मागून कुणी "ललिताबाई!" म्हणालं. ती थबकली. "ललिताबाई!" पुन्हा आलं. ती वळली नाही, मोजत राहिली. तिसऱ्यांदा मात्र ती बाई जवळ येऊन म्हणाली, "अगं, तू आमची ललिताबाई नव्हेस की! मेलं, माझा चष्माच नाही!" आणि कोथिंबिरीची जुडी घेऊन निघून गेली.

शेवटी ललितानं ठरवलं, नाही म्हणायचं. पण पत्रानं नाही कळवणं बरं दिसत नाही. जुलैच्या दुसऱ्या शुक्रवारी ती इस्त्रीची साडी नेसून शाळेत गेली.

समितीत तिघं होते. मधले साहेब जाड भिंगातून बघत म्हणाले, "एकच विचारतो. तुम्हांला कॉल आहे का?"

"सात वर्षं कॉलच घेते, साहेब. दिवसाला चारशे."

"तसला कॉल नव्हे हो," साहेब म्हणाले. चंद्रभागाबाईंनी तोंडाला पदर लावला. "अंतःकरणात. पाचारण."

ललितानं पदर सारखा केला. मग म्हणाली, "दोन हाका झाल्यात, साहेब. तिसरी आली नाही. आमच्यात दोनवर ओ देत नाहीत. म्हणून मी नाही सांगायला आले."

साहेबांना काही कळलं नाही. चंद्रभागाबाई मात्र उसासल्या. "तुम्ही डोंगरातल्या, म्हणून फार आशा होती हो. तुमच्याकडच्या अकरा मुली घेतल्यात यंदा पहिलीत. महिनाभर वर्गात गैरहजर. वसतिगृहात विचारावं तर स्वयंपाकीण म्हणते, सगळ्या रोज शाळेत जातात. जातात कुठं, कुणास ठाऊक! उद्या पालकांना बोलावलंय. नावं कमी करून घरी पाठवणार."

ललितानं हातातली पिशवी घट्ट धरली. ती उठली. नमस्कार करून बाहेर पडली, पण पाय फाटकाकडे वळले नाहीत. व्हरांड्याच्या टोकाला पहिलीचा वर्ग होता, आणि तिथून हजेरीचा आवाज येत होता.

वर्गात सत्तर पोरी दाटीवाटीनं बसलेल्या. निकिता मॅडम, नुकतीच लागलेली शहरातली पोर, वहीवर वाकून भराभर नावं घेत होती. "हजर मॅडम, हजर मॅडम" असा पाऊस पडत होता.

"सोमी गावित."

कुणी बोललं नाही.

"सोमी गावित!" मॅडमनं लाल पेन उचललं.

ललिता दाराशी उभी होती, तिथून दुसऱ्या बाकाच्या फळीखालचंही दिसत होतं. त्या बाकावर एक बारकी पोर ताठ बसली होती. केसांना तेल चोपडलेलं, डोळे समोर, ओठ घट्ट मिटलेले. आणि मांडीवर तिचा उजवा हात. त्याची दोन बोटं मिटलेली होती. तिसरं बोट अर्धवट वाकून वाट बघत होतं.

ललिताच्या तोंडून हाक निघाली ती तिनं काढली म्हणून नाही. ती निघालीच.

"सोमी."

"ओ!"

भिंतीवरचा नकाशा हलला म्हणतात. निकिता मॅडमचं पेन वहीवर टेकायच्या आत थांबलं.

"तू इथंच होतीस? महिनाभर?"

"व्हय बाई. पयल्या दिसापासनं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी दोनदाच हाक मारता," सोमी म्हणाली. यात मॅडमला न कळण्यासारखं काय आहे, हे तिला कळत नव्हतं.

वर्ग खो खो हसला. ललिता हसली नाही. ती आत गेली, मॅडमच्या हातातून वही मागून घेतली आणि लाल फुल्यांची ओळ असलेलं एकेक नाव वाचू लागली. तीनदा. प्रत्येक नाव तीनदा, पोरीकडे बघत. कोपऱ्यातून, खिडकीखालून, दाराआडून ओ येत गेली. अकरावी ओ आली तेव्हा दाराशी चंद्रभागाबाई उभ्या होत्या आणि त्यांच्या मागे भिंगवाले साहेब चष्मा पुसत होते.

"नावं कमी करू नका," ललिता म्हणाली. "सगळ्या हजर आहेत." आणि वही टेबलावर ठेवून व्हरांड्यात आली, खांबाला टेकली आणि सावित्रीबाई गेल्या त्या दिवशी जे आलं नव्हतं, ते रडू तिला आता आलं.

एकलहऱ्याला पोचली तेव्हा दिवस अजून वर होता. लंकाबाई दारातच तांदूळ निवडत बसली होती.

"सांगून आलीस नाही म्हनून?"

"सांगितलं."

"बरं झालं."

"मग तिसरी आली, आये."

म्हातारीचे हात थांबले. "कोनी मारली?"

"मीच."

"आपलीच हाक आपन मोजायची असती व्हय गं?"

"ती माझ्यासाठी नव्हती." ललिता तिच्यासमोर बसली आणि सोमीचं सगळं सांगितलं. मिटलेल्या दोन बोटांचं सांगताना तिनं आईचाच हात हातात घेतला आणि त्या सुरकुतलेल्या हाताची दोन बोटं मिटून दाखवली. "असं, आये. महिनाभर. तिसरं बोट मिटवायला तिथं कुणी नव्हतं."

लंकाबाई आपल्या हाताकडे बघत राहिली. कोळशाची गाडी केंद्राकडे धडधडत गेली. गाडीचा आवाज विरला तशी म्हातारीनं मान वर केली.

"तुझ्या बापानं ओ द्यायची घाई केली," ती म्हणाली. "मी तुला उशीर करायला शिकवलं. त्या सावित्रीबाईची ओ ऱ्हायली ना तुझ्याकडं?"

"राहिली."

"मग दे जा." तिसरं बोट तिनं स्वतःच मिटलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. "आन् तिथं वरच्या मजल्यावर खोली घेऊ नको. माझे गुडघे हायेत अजून."

ऑगस्टमध्ये राजूनं निरोपाला पेढे वाटले. "आता मुंबईचे साहेब रडतील ताई, तक्रार करायला कुणी उरलं नाही," म्हणाला आणि स्वतःच नाक शिंकरायला बाहेर गेला.

वसतिगृहात सकाळची हजेरी पुन्हा लांबली. लंकाबाई चुलीशी बसून पेज ढवळायची आणि किती गार झाली त्यावरून हजेरी कुठवर आली ते सांगायची. निकिता मॅडमही वर्गात मान वर करून तीनदा पुकारायला शिकली. पहिले काही दिवस तिची गणती चुकायची आणि चौथी हाक जायची, तेव्हा अकरा पोरी तिच्याकडे काळजीनं बघायच्या.

दिवाळीची सुट्टी संपून पोरी डोंगरातून परत आल्या. पहिल्याच सकाळी ललितानं वही उघडली.

"सोमी."

सोमी गप्प. हे ठरलेलंच.

"सोमी."

"ओ."

बाकीच्या दहा जणी गर्रकन वळल्या. चुलीजवळ लंकाबाईची पळी थांबली. ललितानं मान वर केली. सोमी तिच्याकडेच बघत होती आणि तिचे दोन्ही हात मांडीवर उघडे होते. एकही बोट मिटलेलं नव्हतं.

तिसरी हाक ललिताच्या जिभेवर तयार होती. तिनं ती गिळली, नावापुढं बरोबरची खूण केली आणि खालचं नाव घेतलं. ते मात्र तीनदा.