पाळणा अर्धा सोडायचा नसतो

प्रतिमाची पाळण्यांची कॅसेट बंगळुरातल्या घराघरांतून वाजत होती, आणि प्राणेशच्या दुकानात मात्र खोकी तशीच पडून होती. यात गूढ काही नव्हतं. एकीनं विकत घ्यायची आणि शिवाजीनगरातल्या डबिंगवाल्याकडून जावांना, नणंदांना, शेजारणींना कॉप्या भरून द्यायची.

"अक्का, शेवटचं बघू," कॅसेट काढणारा प्राणेश म्हणाला होता. "तुमच्या मैत्रिणीच्या, चंदनाच्या बाळाच्या बारशाला मीही येतोय. तुमचा नवा पाळणा तिथं ऐकवा. मनात भरला तर दुसरी कॅसेट काढतो. पण लोकांकडे आधीच फुकट पोचलेलं गाणं मी छापणार नाही."

नवा पाळणा प्रतिमानं लेकीला पाजता पाजता रचला होता. ओळ सुचायची, तेवढ्यात लेक दूध ओकायची. ती पुसेपर्यंत ओळ पळायची आणि लेक हसली की परत यायची. लेकीशिवाय तो अजून कुणी ऐकला नव्हता.

इंदिरानगरात चंदनाच्या दारातच तिला स्वतःचा आवाज भेटला. जरा घोगरा, कॉपीवरून कॉपी काढून घासलेला.

"ये गं! बघ, तुझंच लावलंय," चंदना म्हणाली. "ओटीबरोबर सगळ्यांना हीच कॅसेट देतेय. आमच्या अभिराजनं घरीच भरल्या."

"वर माझं नाव घातलंस?"

"अगं, स्वल्प जागा असते, तिथं बाळाचं घातलं. तुझा आवाज काय, ओळखतात सगळे!"

कानात 'कुर्रर्र' झालं, बाळ पाळण्यात गेलं. प्रतिमानं दोरी धरली आणि नवा पाळणा सुरू केला. पहिल्या कडव्याला बायका गप्प झाल्या. दुसऱ्याला प्राणेशनं डोळे मिटले. बाळाची मूठ हळूहळू उलगडत होती.

तेवढ्यात तिला पाळण्याखाली, झेंडूच्या माळेआड, टेपरेकॉर्डरचा लाल दिवा दिसला. शेजारी चंदनाचा भाऊ अभिराज ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना शांत राहायला सांगत होता.

थांबावं? पण पाळणा अर्धा सोडायचा नसतो, बाळाला ते चांगलं नाही. आणि असाच गोड पुरा केला, तर उद्या तो शिवाजीनगरात.

तिसऱ्या कडव्याला तिनं सूर सोडला. चुकल्यासारखा नाही, चांगला ढळढळीत. बाळानं आधी ओठ काढला, मग टाहो फोडला.

"कॅसेटमध्ये मशीनची करामत असते हो," एकजण म्हणाली. आवाज खाली करण्याची तसदीही तिनं घेतली नाही.

"बाळंतपणात गेला वाटतं गळा. बिचारी!"

प्रतिमानं दोरी सोडली नाही. शेवटच्या ओळीपर्यंत, बाळाच्या नावासकट, बेसूर गायली.

अभिराजनं खटकन बटण दाबलं. "श्शी! टेप वाया गेली. राहू दे, यावर सिनेमाची गाणी भरतो."

प्रतिमाला एकदम हलकं वाटलं. वाचला होता पाळणा.

प्राणेश दाराशी चपला घालत होता. ती लगबगीनं पुढे गेली. "मी मुद्दाम..."

"असू दे हो अक्का, होतं असं," तो मायेनं म्हणाला. "पण पाळणा? काळजाला भिडला! दुसरी कॅसेट नक्की."

"खरंच?"

"सरी, ठरलंच समजा. चंदनाची नणंद गोड गाते म्हणतात. तिच्याकडून गाऊन घेतो."

आणि जिना उतरता उतरता तो तिची चाल गुणगुणत गेला, अगदी सुरात.