हाक उशिरा पोचली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. रुग्णालयाच्या तळघरात, लोखंडी कपाटाच्या तिसऱ्या खणात माझा मुक्काम. माझ्या पोटात डेटाबेस आहे, म्हणजे रुग्णांच्या नोंदींचे एकमेकांशी जोडलेले तक्ते. प्रयोगशाळेतून रक्ताचा अहवाल आला, की मी वॉर्डांना हाक मारतो आणि सिस्टरांच्या पडद्यावर सूचना झळकते. नऊ वर्षं हे काम मी पापणी लवायच्या आत केलं. "हा कधी दगा देत नाही," असं सगळे म्हणायचे, आणि ते ऐकून मला बरं वाटायचं.

मग माझ्या हाका रेंगाळू लागल्या. आधी मिनिटभर, मग पाच मिनिटं. एका दुपारी एका लहान मुलीचा अहवाल आला. तिच्या रक्तातलं पोटॅशियम भलतंच, हृदय थांबू शकेल इतकं वाढलं होतं. माझी हाक वॉर्डात पोचायला एकोणीस मिनिटं लागली. तोवर सिस्टर वाट पाहून स्वतःच प्रयोगशाळेत धावल्या होत्या, म्हणून मुलगी वाचली. मला फार शरम वाटली.

संध्याकाळी सिस्टर तळघरात आल्या. मला सांभाळणाऱ्या ताईंना म्हणाल्या, "ताई, आज मी पळाले. उद्या कोण पळणार?"

रुग्णालयाच्या साहेबांनी निकाल देऊन टाकला, "म्हातारा झालाय तो. भंगारात काढा." ताईंनी माझी मेमरी वाढवली, तक्ते झाडून घेतले. रोग म्हशीला आणि औषध पखालीला. फरक काही पडेना.

माझी रीत अशी, की ऐकायला बसलेल्या प्रत्येकाने हाक ऐकल्याशिवाय ती रांगेतून काढायची नाही. एकजण जरी कानात बोळे घालून बसला, तरी रांग वाढते आणि सगळ्यांचाच खोळंबा होतो. हे मला ठाऊक होतं, पण विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही.

शेवटी ताईंनी विचारलं: कोण कोण ऐकत बसलंय, आणि कधीपासून? मी यादी दाखवली. सगळ्यांत वर, हाका ऐकायला बसून अकरा दिवस अर्धवट पडलेलं एक काम होतं, आणि ते ताईंच्याच टेबलावरच्या संगणकाचं होतं. अकरा दिवसांपूर्वी माझी चाचणी घेताना आई पडल्याचा फोन आला, तशा त्या उठून गेल्या होत्या.

ताईंनी ते काम बंद केलं. रांग ओसरली आणि पुढची हाक लगेच पोचली. त्यांनी वॉर्डात फोन लावला.

"सिस्टर, मशीन चांगलं आहे. चूक माझी होती."

पलीकडून काय उत्तर आलं, ते मला ऐकू आलं नाही. ताईंनी डोळे पुसले. "हो, आई बरी आहे आता," एवढंच म्हणाल्या.

मित्रांनो, जुन्याला मोडीत काढण्याआधी त्याला एकदा नीट विचारून बघा. आणि कितीही घाई असली, तरी हातातलं काम मिटवून मगच उठा. वरच्या मजल्यावर कोणीतरी हाकेची वाट पाहत असतं.