टर्कीने पाठ करावी कुणाकडे

"मावशी, या पक्ष्याचं तोंड फिरवा," थोरला चुनलियांग म्हणाला.

च्योशियाने चष्मा वर सरकवला. चियाई शहरातल्या बाजारामागे तिचं यंत्रावरच्या भरतकामाचं दुकान होतं. टर्कीभात विकणाऱ्या चुनलियांगच्या घराचे पोलो टीशर्ट ती त्याच्या बापाच्या काळापासून भरत आली होती. छातीवर शेपूट फुलवलेला टर्की. बाप गेला, भावांचं बिनसलं, दुकानात मधोमध भिंत आली. आता दोन्ही पाट्यांवर 'मूळ दुकान' असं लिहिलेलं होतं.

"कशाला फिरवू? चांगला बघतोय की."

"धाकट्याच्या दुकानाकडे बघतोय. पाठ करायला लावा."

तिने त्याला घाम लवकर सुकणारं, जाळीदार विणीचं कापड दाखवलं. गडद निळं, तेलाचे डाग न दिसणारं.

"धाकट्याने कुठला रंग घेतला?"

"तो अजून यायचाय."

"मग हाच. त्याला संपला म्हणून सांगा."

धाकटा चुनयी दुसऱ्या दिवशी आला. "निळा सोडून काहीही. आणि पक्ष्याने दादाकडे पाठ केली पाहिजे."

त्याने हिरवा निवडला. नमुन्याचा पक्षी भरून झाल्यावर च्योशियाने तो टीशर्ट त्याच्याच अंगात घातला आणि त्याला दारात उभं केलं. "हे तुझं दुकान समज. रस्त्याकडे बघ. झाली पाठ?"

"झाली."

"आता चुलीकडे वळ."

तो वळला. खाली मान घालून छातीकडे बघत राहिला. "हा तर आता तिकडेच बघतोय."

"भात वाढायला वळलास की बघणारच."

"मग उलटा भरा."

"मग गिऱ्हाईक आलं की बघेल."

तो जागच्या जागी दोनदा फिरला. "मावशी, डोकं गरगरायला लागलं माझं."

"माझंही, बाबा."

शेवटी तो म्हणाला, "रस्त्याकडचंच धरा. लोक तिकडूनच बघतात."

दोघांची आई आली ती एकटीच, मागच्या दाराने.

"मालकीणबाई, बसा."

"आता कुठली मालकीण? मला एक टीशर्ट हवाय. थोरला म्हणतो माझा घाल. धाकटा म्हणतो, त्याचा घालून माझ्याकडे येऊ नकोस. मागच्या नळावर दोघांचे वाडगे मीच घासते, च्योशिया. तिथून मला हलायचं नाहीये."

त्यांनी सगळे रंग हाताळून करडा निवडला.

"आणि पक्षी? कुणीकडे बघू दे?"

बाई बराच वेळ दोन्ही नमुन्यांकडे बघत राहिल्या. "समोर कधी बघतच नाही का गं तो?"

समोर बघणारा टर्की च्योशियाने कधी भरलाच नव्हता. चोच नुसती ठिपक्याएवढी झाली. दोन डोळे असे दिसू लागले, की जणू कुणी त्याला अवघड प्रश्न विचारलाय. तिने टाके उसवले, पुन्हा भरले. चेहरा तोच राहिला. मग तिने तो तसाच ठेवला.

टीशर्ट पोचवायला ती गेली तेव्हा कुठल्या दारातून आत शिरावं ते तिला कळेना. ती मागच्या बोळात वळली. बाईंनी तिथेच टीशर्ट अंगावरच्या कपड्यांवर चढवला आणि पुन्हा पाटावर बसल्या. समोर दोन घमेली होती. दोन्हींत मुलांच्या बापाने घेतलेले, निळ्या काठाचे एकसारखे वाडगे.

"यातले कुणाचे कुठले?" च्योशियाने विचारलं.

"सकाळी माहीत असतं," बाई म्हणाल्या. "घासता घासता मिसळतात."

त्या वाकल्या. छातीवरचा पक्षी दोन्ही डोळ्यांनी पाण्यात बघत राहिला.