मूरहेनचा डावा कोपरा

मंगळवारी दुपारी डॅड बाकावर बसून एका बोटीला नावं ठेवत होते. निवृत्त झाल्यापासून ते त्यांचं रोजचंच काम होतं. आमच्या गावातल्या जुन्या दगडी पुलाखालून बोटी जिथे बाहेर पडतात, तिथेच काठावर तो बाक आहे. कमानीच्या अंधारातून बोट उजेडात आली की बाकावरच्या तिघांना ती अगदी समोरून दिसते. डॅड मध्ये बसत, विल्फ नड अंकल उजवीकडे आणि आयव्हर अंकल डावीकडे, कारण त्यांचा उजवा कान चांगला.

सप्टेंबर संपत आला होता. भाड्याच्या बोटी कमी झाल्या होत्या, लव्हाळ्याचे शेंडे तपकिरी पडले होते. मी नॉरिचच्या ग्रंथालयातून अर्धी रजा टाकून आले होते, चीज आणि लोणच्यातल्या कांद्याची सँडविचेस घेऊन.

"ही बघ आली," डॅड म्हणाले. "साबणाची वडी."

"साबणाचे कोपरे तरी झिजतात," विल्फ अंकल म्हणाले. "हा बुटांचा खोका आहे."

"खोक्याला झाकण असतं. हिचं वाऱ्याने उडालेलं दिसतंय."

"चालते कशी ते बोला," आयव्हर अंकल म्हणाले. ते नेहमी एवढंच म्हणत.

बाकाचा नियम होता. रूपाचे दहा गुण वेगळे आणि वागणुकीचे दहा वेगळे. एकाची भरपाई दुसऱ्यात करायची नाही. त्या पांढऱ्या बोटीचं चाक अगदी पुढे होतं, बससारखं. चालवणारा गृहस्थ पुढच्या काचेमागे बसून काठाकडे वळला आणि बोटीचा मागचा भाग पाण्यावर लांबवर फेकला गेला. एक बदक ओरडत उडालं.

"याचं डोकं घरी पोचलं, पण ढुंगण अजून बाजारात आहे," विल्फ अंकल म्हणाले.

"पण थांबली बघ कशी," डॅड म्हणाले. "दोरी टाकायच्या आधी शांत उभी राहिली. रूप दोन, वागणूक सात."

"सात? क्लिफ, म्हातारपणी तू मवाळ झालास."

"गरीब आहे रे ती. कोणी तरी बोलायला हवं तिच्या बाजूने."

मग एक जुनी लाकडी बोट आली, छत मधोमध उंच आणि मागेपुढे उतरतं, फुगलेल्या पावासारखं. तिला रूपाचे नऊ मिळाले. ती पुलाखालून निघताच वाऱ्याने आडवी झाली आणि समोरच्या काठाच्या चिखलात जाऊन बसली. तिघं मनापासून हसले. वागणूक तीन. डॅडनी हाताने खूण करून त्या माणसाला उलटं चाक फिरवायला सांगितलं, आणि ती सुटल्यावर पुटपुटले, "देखण्या बाईला कोणी खरं सांगत नाही, त्याचं हे फळ."

"मूरहेनला किती द्यायचे, क्लिफ?" विल्फ अंकलनी विचारलं. हेही रोजचंच.

मूरहेन म्हणजे पाणकोंबडी, आणि तेच आमच्या बोटीचं नाव. डॅडनी ती स्वतः बांधली होती. खालचा भाग एका भंगारात निघालेल्या जहाजावरच्या जीवरक्षक होडीचा, दोन्ही टोकांना निमुळता. वरची केबिन एका जुन्या बसच्या खिडक्यांची. पूल कुठल्याही भरतीला पार करता यावा म्हणून छत इतकं बुटकं, की आत उभं राहून चहा करता यायचा नाही. चहा गुडघ्यावर बसून व्हायचा. बेडकाने टोपी घातल्यासारखी ती दिसायची. मागे घेतली तर ती स्वतःच्या मर्जीने जायची, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, कधी दोन्हीकडे. पण पुढे, सरळ, प्रवाहाबरोबर जाताना तिच्यासारखी बोट या नदीत नव्हती.

"रूप एक," डॅड म्हणाले. "तोही रंगाचा. वागणूक दहा."

"दहा? आणि डावा कोपरा?"

"ती बोटीची चूक नव्हती," डॅड म्हणाले.

मी सँडविचच्या कागदाची घडी घालत होते. त्याची मी आणखी एक घडी घातली.

निघताना डॅड म्हणाले, "रविवारी मूरहेन खालच्या यार्डात न्यायची आहे, हिवाळ्यासाठी. माझा गुडघा बरा नाही. पुलाखालून तू काढशील?"

"बघू," मी म्हणाले.

"बघ. घाई नाही."

गुरुवारी सकाळी ते शेडमध्ये ब्रश धूत असताना गेले. डॉक्टर म्हणाले, त्यांना कळलंही नसेल. ब्रश स्वच्छ होता. मी तो पुसून खिळ्याला टांगला.

*

आता डाव्या कोपऱ्याचं सांगायला हवं.

डॅड चाळीस वर्षं पुलाचे पायलट होते. आमची कमान अर्धगोल आहे आणि अरुंद. भाड्याने बोट घेऊन येणारे लोक तिच्याखालून स्वतः जात नाहीत. पायलट बोटीवर चढतो, पाण्याच्या पट्टीवर उंची वाचतो, पुढची काच खाली दुमडायला लावतो, सगळ्यांना खाली बसवतो आणि बोट पार करून देतो. चौकोनी छताच्या बोटीचे वरचे कोपरे दगडापासून चार बोटांवर राहतात. बोट बरोबर मध्यावर हवी. आणि, हे बाहेरच्यांना पटत नाही, वेगात हवी. घाबरून वेग कमी केला की सुकाणूवर पाणी येत नाही. मग बोट ऐकत नाही, प्रवाहाचंच ऐकते. गावातल्या पोरांना हे चालायला यायच्या सुमारास कळतं.

मलाही माहीत होतं. मी चौदा वर्षांची होते, ऑगस्ट १९७९. ओहोटीचं पाणी समुद्राकडे ओढत होतं. डॅडनी मूरहेनचं चाक मला दिलं आणि स्वतःचे दोन्ही हात खिशात घातले. "तुझी बोट," म्हणाले. कमान जवळ येत गेली. तिचं तोंड मोठं व्हायच्या ऐवजी लहान होतंय असं मला वाटलं. मी वेगाचा दांडा मागे ओढला.

मूरहेनचं मागचं टोक प्रवाहाने हळूच उजवीकडे नेलं. नाक डावीकडे वळलं आणि केबिनच्या डाव्या कोपऱ्याने दगड खरवडला. तो आवाज मी अजून लिहू शकत नाही.

पुढचं सगळं कमानीच्या अंधारात झालं. डॅडचे हात खिशातून निघाले, मी बाजूला झाले की केले गेले ते आठवत नाही. दांडा पुढे गेला, बोट सरळ झाली. ते शांतपणे म्हणाले, "किटली बघ." मी केबिनमध्ये उतरून गुडघ्यावर बसले. किटलीखाली गॅस पेटवलेलाच नव्हता.

आम्ही उजेडात आलो तेव्हा काठावर निम्मं गाव होतं. चाकावर डॅड होते.

"क्लिफ!" विल्फ अंकल त्या वेळी तरुण होते, आवाज नदीपार जायचा. "एकोणीस वर्षं पुलाला हात लावला नाहीस, आणि आज स्वतःच्या बोटीने पापी घेतलीस?"

"एकदा तरी घ्यावी म्हटलं," डॅड म्हणाले.

त्या दिवसापासून ती चेष्टा सुरू झाली आणि थांबली नाही. पबमध्ये, चर्चच्या जत्रेत, डॅडच्या निवृत्तीच्या जेवणात. कमानीच्या आत, डाव्या बाजूला, मूरहेनच्या हिरव्या रंगाची वीतभर रेघ दगडात बसली होती. नवे पायलट शिकायला आले की त्यांना ती दाखवली जाई: क्लिफर्ड थर्टलची रेघ. डॅड स्वतःही दाखवायचे. बोटीच्या कोपऱ्यातली खाच त्यांनी कधी भरली नाही. दर वसंतात तिच्यावरून रंग फिरवायचे. मी शेजारी उभी राहून खिडक्यांच्या चौकटी रंगवायचे.

मी आधी भीतीपोटी बोलले नाही. मग शाळा संपली, मी विद्यापीठात गेले, आणि उशीर झाला म्हणून बोलले नाही. नंतर वाटायला लागलं, एवढ्याशा गोष्टीचं काय बोलायचं? मी पुष्कळ पुस्तकं वाचली आहेत. त्यात माणसं याहून फार मोठ्या गोष्टी कबूल करतात, आणि तीही चांगल्या वाक्यांत. मला ते एक साधं वाक्य तेहतीस वर्षांत जमलं नाही. डॅडनी कधी विषय काढला नाही. मी पुन्हा कधी चाक हातात घेतलं नाही. वाऱ्याने डोकं दुखतं, असं सांगायचे. त्यांनी डोकेदुखीची चौकशी कायम मन लावून केली.

*

ऑक्टोबरच्या तिसऱ्या रविवारी विल्फ अंकल आणि आयव्हर अंकल बोटीपाशी आले. विल्फ अंकलनी अंत्यविधीचाच कोट घातला होता. क्लिफच्या बोटीला यार्डात न्यायचं तर तसंच यायला हवं, म्हणाले.

"मी काढतो पुलाखालून," ते म्हणाले. "तू आत बस, पोरी. थंडी आहे."

"मी काढते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आयव्हर अंकलकडे. "तुझं डोकं?"

"आज बरं आहे."

"बरं. मी फक्त उभा राहतो." आणि त्यांनी दोन्ही हात खिशात घातले. ही इथल्या पायलटांची जुनी रीत आहे. दुसऱ्याच्या हातात चाक असताना आपले हात दिसायचे नाहीत.

दोर सोडायच्या आधी ते म्हणाले, "थांब. एक दाखवायचं आहे." कोटातून घडी घातलेला कागद काढला. "बाकासाठी पितळी पाटी करतोय. उद्या खोदायला द्यायची आहे. तुझं हो हवं." चष्मा नाकावर सरकवून त्यांनी वाचलं. "क्लिफर्ड थर्टल. या पुलाचा पायलट. चाळीस वर्षं. एकदाच खेटला."

"'एकदाच' माझं," आयव्हर अंकल म्हणाले.

"त्याचं कसलं! मी सांगितलं, याने फक्त मान हलवली."

"मान हलवली म्हणून तर राहिलं."

"त्याला आवडलं असतं," विल्फ अंकल म्हणाले. "हसला असता मेला. हो ना?"

खरंच हसले असते. हसून म्हणाले असते, झकास आहे. आणि ते पितळेत खोदलं गेलं असतं, आणि आमच्या सगळ्यांच्या नंतरही त्या बाकावर बसणाऱ्यांनी ते वाचलं असतं.

"छान आहे," मी म्हणाले. सवयीने.

विल्फ अंकलनी कागद घडी घालून खिशात ठेवला. आयव्हर अंकल काठाकाठाने बाकाकडे चालत गेले. कोणी तरी बघायला हवं, म्हणाले, नाही तर गुण कोण देणार?

मी इंजिन सुरू केलं. मूरहेन काठापासून सुटताना तिच्या सवयीप्रमाणे आधी नको तिकडे गेली. "बघ, मालक बदलला तरी हिचं तेच," विल्फ अंकल म्हणाले. ओहोटी लागली होती. पट्टीवर पाणी बरंच खाली होतं. आमच्या बुटक्या छताला भरपूर जागा. मी बोट मध्यावर आणली. समोर कमान आणि पाण्यातली तिची उलटी सावली, दोन्ही मिळून एक वाटोळं भोक. ते जवळ आलं आणि लहान झालं. तेहतीस वर्षांत त्याने आपली ही खोड सोडली नव्हती.

माझा डावा हात दांड्यावर गेला. मला विल्फ अंकलच्या कोटाच्या खिशात मुठी वळलेल्या दिसल्या. हात मागे यायला बघत होता, अगदी स्वतःहून, जसा गरम तव्यावरून येतो. मी तो पुढे ढकलला.

मूरहेन पाण्यात जरा दबली आणि सरळ धावली. चाकात ती हाताला लागत होती, भरीव, ऐकणारी. दगड दोन्हीकडून आले, इंजिनाचा आवाज कमानीत भरला. डाव्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर, ती हिरवी रेघ गेली. इतकी जवळून मी ती कधी पाहिली नव्हती. शेवाळ तिच्या कडेपर्यंत येऊन थांबलं होतं.

मग उजेड.

"वागणूक दहा!" बाकावरून आयव्हर अंकल ओरडले. ते ओरडू शकतात हे मला माहीत नव्हतं.

"बापाची पोर," विल्फ अंकल म्हणाले. हात खिशातून काढून त्यांनी डोळे पुसले, वारा फार आहे म्हणाले. "बापापेक्षा काकणभर सरसच म्हण. त्याने निदान एकदा तरी..."

मी वेग कमी केला. आता करायला हरकत नव्हती. बोट बाकासमोर आणून उभी केली. आयव्हर अंकलचा उजवा कान माझ्या बाजूला होता.

"विल्फ अंकल, तो कागद काढा," मी म्हणाले. "पाटी बदलायला हवी. १९७९ ला चाकावर मी होते. मी घाबरले आणि वेग कमी केला. ती रेघ माझी आहे. डॅड पुलाला कधीच खेटले नाहीत. चाळीस वर्षांत एकदाही नाही."